पीप, खुंटी आणि तळघर : वाचकांचे प्रश्न

प्र. माझा मुलगा इंग्लंडमधल्या यॉर्कला शिकतो आणि भर बाजारातल्या एका जुन्या पबच्या तळघरात अर्धवेळ काम करतो. पिपातली ‘रिअल एल’ बीअर तिसऱ्या दिवशी आंबट लागते, कधी गढूळ येते आणि बोल त्यालाच बसतो. काय चुकत असेल?
– एक वाचक, खानापूर

उ. ताई, आंबटपणा बहुधा पिपाच्या बुचात ठोकायच्या खुंटीमुळे येतो. या बीअरमधलं यीस्ट पिपातही काम करत असतं आणि बाहेरून गॅस भरत नाहीत. पीप घोडीवर आडवं ठेवून दोन्हीकडून पाचर मारायची. वरच्या बुचाच्या भोकात आधी मऊ, सच्छिद्र खुंटी ठोकायची. ती बहुधा बांबूची असते. तिच्यातून फेस येतो तो पुसायचा, खुंटी तुंबली की बदलायची. फेस मंदावला की कडक लाकडाची खुंटी बसवायची आणि गाळ बसेपर्यंत, साधारण 24 तास, पीप हलवायचं नाही.

विक्री चालू असताना कडक खुंटी काढलेली हवी, नाहीतर हातपंप जड जातो. बंद करताना ती परत घट्ट बसवायची. हे रात्री राहून गेलं की गॅस उडतो, पिपात हवा खेळते आणि व्हिनेगरचा वास धरतो.

गढूळपणाची कारणं वेगळी. तळघर 11 ते 13 अंशांत हवं. त्याहून गरम झालं तर डोशाच्या पिठासारखी बीअर फसफसून वर येते, फार गार झालं तर धुरकट दिसते. पीप निम्म्यावर येण्याआधीच मागून हळूहळू उचलून तिरपं करायचं. शेवटी घाईने उचललं तर सगळा गाळ ग्लासात. पंपाच्या नळ्या आठवड्यातून एकदा धुवाव्यात.

एवढं सांभाळूनही आंबत असेल तर विक्री मोजा. 9 गॅलनच्या पिपात 72 पाइंट, म्हणजे सुमारे 41 लिटर मावते. उघडल्यापासून तीन दिवसांत ते संपायला हवं, म्हणजे रोज 24 पाइंट. तेवढा खप नसेल तर मालकाने साडेचार गॅलनचं पीप मागवावं. तिथे मुलाचा दोष नाही.

प्र. या बीअरमध्ये मासा असतो, हे खरं का?
– एक शाकाहारी वाचक, निपाणी

उ. बऱ्याचदा खरं. गाळ लवकर बसावा म्हणून माशाच्या हवेच्या पिशवीपासून केलेला आयसिंग्लास घालतात. तो गाळाबरोबर तळाशी जातो, पण अंश राहू शकतो. ‘वीगन’ किंवा ‘अनफाइन्ड’ (गाळ बसवायला काही न घातलेली) लिहिलेली मागा. ती थोडी गढूळ असू शकते, बिघडलेली नव्हे.

प्र. बेळगावात बाजारपेठेतल्या आमच्या जुन्या वाड्यात अशी बीअर ठेवता येईल का?
– एक वाचक, शहापूर

उ. अबकारी परवान्याची चौकशी आधी करा, बाकीचं नंतर. भिंती कितीही जाड असोत, एप्रिल-मेमध्ये खोली 12 अंशांवर राहणार नाही. उष्णतारोधक शीतखोली लागेलच. ती जुन्या भिंतीला चिकटवू नका, मध्ये हात जाईल एवढी फट ठेवा. थंड पत्र्यावर पाणी सुटतं आणि सागवानी तुळईचं टोक तिथेच कुजतं. चुन्याच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा तर मुळीच नको. पावसाळ्यातली ओल आत कोंडते. जमिनीला मोरीकडे उतार द्या, कारण फेस रोज धुवावा लागतो.