आत्याच्या रिपोर्टमधलं एक अक्षर

अंबाजोगाईहून बी.एस्सी. बायोटेकच्या शेवटच्या वर्षातली मुलगी लिहिते : दोनदा नीट देऊनही मेडिकलला नंबर लागला नाही. आत्याला फुफ्फुसाचा कॅन्सर निघाला, तपासणीत 'ईजीएफआर एल८५८आर' आलं आणि डॉक्टरांनी केमोऐवजी गोळी सुरू केली. असे रिपोर्ट सॉफ्टवेअरवर बनतात म्हणे. मला तेच काम करायचंय. पप्पा म्हणतात, त्याला कॉम्प्युटर इंजिनिअरच लागतो.

बेटा, पप्पांचं म्हणणं अर्धंच खरं आहे.

आत्याच्या गाठीतल्या ईजीएफआर जनुकाच्या प्रथिन घडवणाऱ्या भागात २५७३व्या जागी डीएनएचं 'टी' हे अक्षर जाऊन 'जी' आलं. तेवढ्यानं प्रथिनात ८५८व्या जागी ल्युसीन हे अमिनो आम्ल जाऊन आर्जिनिन बसलं आणि पेशीला वाढायला सांगणारं बटण दाबलेलंच राहिलं. गोळी ते बटण अडवते. बदल प्रथिनात कुठे पडला, हे व्हीईपीसारखं सॉफ्टवेअर झटक्यात सांगतं. त्यावर औषध चालेल का, हे मात्र माणसाला तोलावं लागतं.

बीआरएएफ या दुसऱ्या जनुकातल्या 'व्ही६००ई' बदलाचं उदाहरण घे. मेलानोमात, म्हणजे त्वचेच्या एका कॅन्सरमध्ये, त्यावरच्या औषधानं गाठ बऱ्याचदा झपाट्यानं आटते. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरमध्ये बदल तोच, पण ते औषध एकटं फारसं लागू पडत नाही. तिथल्या पेशी ईजीएफआरच्या वाटेनं पुन्हा डोकं वर काढतात, म्हणून जोडीला ईजीएफआर रोखणारं औषध द्यावं लागतं. नुसतं जनुकाचं नाव जुळवणारा इथे फसतो, कोडिंग कितीही पक्कं असलं तरी. तुझं बायोटेक वाया गेलेलं नाही ते इथे.

परीक्षा झाली की कॅन्सरमधल्या जनुकबदलांचा 'सिव्हिक' हा ऑनलाइन ज्ञानकोश उघड. फुकट आहे. त्यात आत्याचाच बदल शोध. प्रत्येक नोंदीला ए ते ई अशी पुराव्याची पातळी दिसेल. एक नोंद घ्यायची, मूळ पेपर काढायचा, रुग्ण किती होते, अभ्यास माणसांवर होता की प्रयोगशाळेतल्या पेशींवर, हे वहीत आपल्या भाषेत लिहायचं. महिनाभर रोज एक. ही सवय मला कोणत्याही महागड्या सर्टिफिकेटपेक्षा मोलाची वाटते. सोबत पायथन, लिनक्स आणि संख्याशास्त्र. संख्याशास्त्र टाळू नकोस.

पुढे पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठात बायोइन्फर्मेटिक्सचं एम.एस्सी. आहे. नोकऱ्या मराठवाड्यात आज थोड्याच. पुणे, मुंबई, बेंगळुरू, हैदराबाद गाठावं लागेल. घरी हे आत्ताच बोल. आणि रिपोर्टवर सही सहसा डॉक्टरची असते. नीटचं शल्य अजून असेल, तर हेही आधीच मनाशी धर.

आत्यांना माझा नमस्कार सांग. त्यांच्या गोळीबद्दल शंका आली, तर विचारायचं त्यांच्या डॉक्टरांनाच, सिव्हिकवर वाचून ठरवायचं नाही.