आधी तुला आवडू दे

नेदरलँड्समधल्या आइंडहोव्हनहून एका आईचं पत्र आलंय. मुलगा सात वर्षांचा, मुलगी चार. पत्र लांबलचक आहे, प्रश्नही बरेच आहेत, पण माझं मन अडकलं ते मधल्याच दोन-तीन ओळींत. ती लिहिते, "ताई, रोज झोपताना अर्धा तास मराठी वाचायचं असा नेम केलाय. सासूबाईंनी इसापनीती, पंचतंत्र आणि थोरांची चरित्रं असा गठ्ठा पाठवलाय. पण खरं सांगू? दुसऱ्या पानावर मलाच जांभया येतात आणि मुलगा विचारतो, संपलं का?"

अगं, मग तो दुसरं काय विचारणार? आई जांभया देत वाचतेय, एक डोळा घड्याळाकडे आहे, हे सात वर्षांच्या पोराला बरोबर कळतं. दात घासण्यासारखं हेही एक उरकायचं काम, असं तो धरून चालतो.

तुझी तळमळ मला कळते. आपण सगळ्यांनी त्याच धास्तीने सुरुवात केली. उद्या ही मुलं आजीशी काय बोलणार, कोणत्या भाषेत बोलणार? पण धास्तीने निवडलेलं पुस्तक हातात धरवत नाही. म्हणून या सदरात जे मी पुन्हा पुन्हा सांगते तेच आजही सांगते. मोठ्याने वाचायचं पुस्तक निवडताना मुलाचं वय, शब्दसंग्रह, संस्कार हे सगळं मागून. आधी वाचणाऱ्याला ते वाचावंसं वाटलं पाहिजे. नाशकात किंवा साताऱ्यात वाढणाऱ्या मुलाच्या कानावर मराठी दिवसभर पडते. रिक्षावाले काका, वरच्या मजल्यावरच्या काकू, भाजीवाली, वर्गातली भांडणं. तुझ्या मुलांसाठी मराठी म्हणजे तुम्ही दोघं. तुझा आवाज कंटाळलेला असेल तर त्यांच्या लेखी मराठीच कंटाळवाणी.

आता हे ओळखायचं कसं? पुस्तक मुलांपुढे नेण्याआधी स्वयंपाकघरात कुकर लावून उभी राहा आणि त्यातलं एक पान स्वतःशीच मोठ्याने वाच. मनातल्या मनात नाही, मोठ्याने. जीभ कुठे अडखळते, कुठे श्वास पुरत नाही, कुठे आपोआप आवाज बदलावासा वाटतो, ते लगेच समजतं. 'तो म्हणाला' आलं आणि तुला तो माणूस घशातून काढावासा वाटला, तर पुस्तक चांगलं. तीन ओळींचं वाक्य, त्यात दोन उपदेश आणि संवाद एकही नाही, तर ते कितीही सुंदर छापलेलं असो, बाजूला ठेव. आपण घरी जसं बोलतो, 'केलं, गेलं, आलं', तसं लिहिलेलं पुस्तक लहान मुलांना वाचायला केव्हाही सोपं. पुस्तकी मराठी त्यांना पुढे भेटेलच.

माधुरी पुरंदरे यांची पुस्तकं मी सगळ्यांना सुचवते ती याच कारणासाठी. त्यांची राधा आणि यश ही घरातली मुलं आहेत. आजी-आजोबा, पाहुणे, कंटाळा, रुसवा, सगळं ओळखीचं. चित्रंही त्यांचीच, त्यामुळे चार वर्षांची तुझी लेक चित्रात बघेल आणि तू शब्दांत. त्यांनीच संपादित केलेलं 'वाचू आनंदे' घरात ठेव. मराठीतल्या चांगल्या लेखकांचे वेचे आणि जुनी-नवी चित्रं त्यात आहेत. मुलं झोपल्यावर तूच ते चाळत बसशील.

कविता हव्या असतील तर विंदा करंदीकर. 'अष्टदर्शने' लिहिणारा, ज्ञानपीठ मिळवणारा हा कवी मुलांसाठी एटू लोक आणि पिशीमावशीची भुतावळ लिहितो, आणि लिहिताना स्वतः मजेत असतो हे ओळीओळीत दिसतं. माझ्या यजमानांना कवितेचं वावडं. पण पिशीमावशी वाचायची वेळ आली की दिवा मंद करून, आवाज खाली नेऊन तेच वाचायचे. मुलगा पांघरुणात शिरायचा आणि आतून "अजून एक" म्हणायचा.

तुझा मुलगा सात वर्षांचा आहे, म्हणजे आणखी वर्षभरात भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे काढायला हरकत नाही. फुरसुंगीचा बन्या, सायकल, पुण्याची शाळा आणि ते 'ट्टॉक'! आमच्याकडे 'ट्टॉक' करायचा हक्क मुलाचा होता. मी वाचत असताना तो बोट धरून ओळीवर नजर ठेवायचा, कारण ते कुठे येणार हे आधी कळलं पाहिजे. देवनागरी अक्षरं त्याने त्या नादातच ओळखायला सुरुवात केली. त्यानंतर 'बोक्या सातबंडे'. दिलीप प्रभावळकर अभिनेते, दूरदर्शनवर चिमणरावाचं काम केलेले. त्यांनी लिहिलेले संवाद तोंडात सहज बसतात.

आणि 'श्यामची आई'? मला पत्रात दर वेळी कुणीतरी विचारतंच. साने गुरुजींनी ते 1933 साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलं, आणि त्याचा घाटच रात्री बसून गोष्ट सांगण्याचा आहे. 'रात्र पहिली' अशी सुरुवात होते. म्हणजे मोठ्याने वाचायला ते आहेच. पण तुझा स्वतःचा जीव त्यात असेल तरच घे, आणि मुलगा नऊ-दहाचा झाल्यावर घे. माझ्या आईचा गळा ते वाचताना भरून यायचा, म्हणून आम्ही भावंडं ऐकत राहायचो. केवळ 'मराठी घरात असलंच पाहिजे' म्हणून वाचणार असशील तर ते शेल्फवर राहू दे. गुरुजी रागावणार नाहीत.

एक गोष्ट मात्र मी तुला रागावून सांगणार आहे. तू लिहितेस, "गोष्ट संपली की मी तात्पर्य विचारते, आणि अवघड शब्दांचे अर्थही." हे आजपासून बंद! गोष्टीनंतर परीक्षा आहे असं कळलं की कुणाचंही लक्ष गोष्टीत राहत नाही, तुझंही राहिलं नसतं. शब्द कळला नाही तर तो स्वतः विचारेल. नाही विचारला तर पुढे जा. तोच शब्द चौथ्यांदा आला की आपोआप कळतो.

तुमच्या गावातल्या वाचनालयाचाही उपयोग करून घे. नेदरलँड्समध्ये मुलांना सभासदत्व बहुतेक सगळीकडे फुकट असतं. डच चित्रकार डिक ब्रुनाच्या नाइन्त्ये या छोट्या सशाच्या पुस्तकात पानावर चारच ओळी असतात, त्या मराठीत यमक जुळवून सांगायला काहीच अडचण नाही. आमच्या घरी ते ससुल्लं समुद्रावर गेलं की यजमानांच्या तोंडून थेट गुहागरला पोचायचं, आणि तिथे त्याला सोलकढीही मिळायची.

तुझे बाकीचे प्रश्न. "नवरा इंग्रजी माध्यमात शिकलाय, अडखळत वाचतो, म्हणून टाळतो." अडखळू दे. मुलांना बाबाचा वेग मोजायचा नसतो. त्याला मोठ्या टायपातलं, त्याने स्वतः निवडलेलं पुस्तक दे आणि तो वाचत असताना मध्ये चुका काढू नकोस. मुलगी डचमध्ये उत्तर देते? देऊ दे, तू मराठीतच बोलत राहा. रविवारची मराठी शाळा जवळ असेल तर जरूर घाला, मित्रमैत्रिणी मिळतील.

पुस्तकं मागवायला महाग पडतात हे खरं. बालभारतीचं 'किशोर' मासिक 1971 पासून निघतंय, त्याचे जुने अंक त्यांच्या संकेतस्थळावर फुकट वाचता येतात. स्टोरीविव्हर या संकेतस्थळावर मराठी चित्रपुस्तकं उतरवून घेता येतात. आणि सासूबाईंना प्रेमाने सांग की पुढच्या खेपेला गठ्ठा नको. त्यांना स्वतःला लहानपणी आवडलेलं एकच पुस्तक पाठवा, आणि त्यातली पहिली गोष्ट व्हिडिओवर तुम्हीच वाचून दाखवा.