बुश फ्लाइंगसाठी आधी काय घ्यावं?

मित्रा, सिम्युलेटरमध्ये बुश फ्लाइंग, म्हणजे दुर्गम भागातल्या छोट्या, कच्च्या धावपट्ट्यांवर विमान उडवणं-उतरवणं सुरू करायचं असेल, तर त्यासाठी नवं विमान इतक्यात विकत घेऊ नकोस. मायक्रोसॉफ्टच्या फ्लाइट सिम्युलेटरमधलं एक्सकब हे छोटं विमान भरपूर झालं. पैसे घालायचेच असतील तर रडर पेडल (शेपटीचं सुकाणू पायाने फिरवायचे पेडल) घे. कबचं छोटं चाक मागे असतं. जमिनीला टेकलं की शेपूट बाजूला पळू बघते, ती आवरायला पायच लागतात.

मग सीनरी, म्हणजे एखाद्या खऱ्या जागेचा सिम्युलेटरमधला तपशीलवार देखावा. माझं मत विचारशील तर अमेरिकेतल्या आयडाहोतलं जॉन्सन क्रीक: सुमारे 3,400 फुटांची गवताची धावपट्टी, उंची जवळपास 4,900 फूट. उन्हाळ्यातल्या दुपारी तिथली हवा आणखी विरळ होते, म्हणून विमान सावकाश वर चढतं. टाकी भरून उड, समोरची झाडं केवढी जवळ येतात बघ! नेपाळमधलं लुक्ला विमानतळ नंतर. तिथे 527 मीटरची चढती पट्टी आणि पुढे थेट डोंगर, गो-अराउंडला (उतरणं सोडून पुन्हा वर जायला) वावच नाही.