‘सेगमेंटेशन फॉल्ट, कोअर डंप्ड’ असा संदेश येतो, पण फाइल कुठेच सापडत नाही. ती जाते कुठे, आणि प्रॉडक्शन सर्व्हरवर ही सोय चालू ठेवावी का?

तुम्ही दोन प्रश्न एकत्र विचारले आहेत. पहिल्याचे उत्तर सरळ आहे. दुसऱ्यावरून मी एका जुन्या नोकरीत इतका वाद घातला आहे की तो वाचल्यावर उत्तर लिहिल्यावाचून राहवले नाही. तुमचा संदेश लिनक्सवरचा आहे, म्हणून लिनक्सपुरतेच बोलतो.

प्रोसेसने, म्हणजे चालू असलेल्या प्रोग्रॅमने, मेमरीतल्या आपल्या हद्दीबाहेरच्या पत्त्यावर वाचायचा किंवा लिहायचा प्रयत्न केला की कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टमचा गाभा, तिला 11 क्रमांकाचा सिग्नल पाठवतो. प्रोग्रॅमने त्यासाठी स्वतःचा हँडलर लावलेला नसेल, तर प्रोसेस संपवणे आणि तिची मेमरी एका फाइलीत (हीच कोअर फाइल, किंवा डंप) लिहून ठेवणे ही त्या सिग्नलची ठरलेली कृती असते. अबॉर्टचा 6, शून्याने भागल्यावर येणारा 8 आणि अवैध इन्स्ट्रक्शनचा 4 यांचेही तसेच आहे. हे लिखाण प्रोग्रॅमचा कोड करत नाही. सगळे थ्रेड, म्हणजे प्रोसेसमध्ये एकाच वेळी चालणारे कामाचे धागे, थांबवून कर्नल ते स्वतः करतो, आणि म्हणूनच प्रोग्रॅमच्या हीपची (लागेल तशी मागून घेतलेल्या मेमरीची) कितीही वाताहत झालेली असली तरी कोअर फाइल धड निघते. फाइल ईएलएफ साच्याची असते, म्हणजे लिनक्सवरच्या प्रोग्रॅम फाइलींचा असतो त्याच साच्याची. तिच्या नोट विभागात प्रत्येक थ्रेडची रजिस्टरे, सिग्नलचा तपशील आणि कोणत्या फाइली कोणत्या पत्त्यावर मॅप केल्या होत्या त्यांची यादी असते. त्यानंतर मेमरीचे भाग एकामागून एक येतात. प्रोग्रॅमचा कोड मात्र तिच्यात सहसा नसतो, कारण तो डिस्कवरच्या मूळ बायनरीत आहेच असे कर्नल धरून चालतो.

फाइल कुठे जाते हे /प्रोक/सिस/कर्नल/कोअर_पॅटर्न या ठिकाणी लिहिलेले असते. आधी ते वाचा. तिथे नुसते नाव असेल तर फाइल प्रोसेसच्या चालू डिरेक्टरीत पडते. पहिलेच चिन्ह उभी रेघ असेल, तर कर्नल फाइल बनवतच नाही. त्या रेघेपुढच्या प्रोग्रॅमला तो सगळा मजकूर पाइपने देतो, आणि ठेवायचे की फेकायचे हे तो प्रोग्रॅम ठरवतो. तुमच्याकडे हेच झाले असावे. ‘कोअर डंप्ड’ हे शब्द शेल फक्त कर्नलने दिलेल्या एका बिटवरून छापतो. पाइपपलीकडे मजकुराचे काय झाले हे त्याला ठाऊक नसते. सिस्टमडी (सेवा सुरू करणारी व सांभाळणारी यंत्रणा) असलेल्या बहुतेक लिनक्स वितरणांत तो मजकूर दाबून /व्हार/लिब/सिस्टमडी/कोअरडंप इथे ठेवतात, आणि ‘कोअरडंपसीटीएल लिस्ट’ ही आज्ञा दिली की यादी मिळते. उबंटूवर अ‍ॅपोर्ट असतो. तो /व्हार/क्रॅशमध्ये अहवाल ठेवतो, पण तुम्ही स्वतः बांधलेल्या, पॅकेजमधून न आलेल्या प्रोग्रॅमकडे सहसा दुर्लक्ष करतो. संदेशात ते दोन शब्दच नसतील तर ‘युलिमिट -सी’ पाहा. तिथे शून्य असेल, आणि बऱ्याच ठिकाणी ते मुळातच शून्य असते, तर साधी फाइल निघणार नाही.

आता दुसरा प्रश्न. चालू ठेवावी. प्रॉडक्शनवर तर ठेवावीच, कारण जो क्रॅश तुमच्या लॅपटॉपवर हवा तेव्हा घडवता येतो त्यासाठी कोअर फाइलची गरजच नसते.

मी पुण्यातल्या एका कंपनीत एका वित्तसंस्थेच्या कामावर होतो. व्यवहारांवरचे शुल्क आकारणारा आमचा सर्व्हर सी प्लस प्लसमध्ये लिहिलेला होता, अनेक थ्रेडचा होता, आणि रात्री अधूनमधून मरत असे. मेला की वॉचडॉग त्याला पुन्हा उठवी, त्यामुळे सकाळी सगळे सुरळीत दिसे. फक्त मधल्या काही व्यवहारांचा हिशेब हाताने जुळवावा लागे. सुरू करण्याच्या स्क्रिप्टमध्ये कोअरची मर्यादा शून्य केलेली होती, आणि ती ऑपरेशन्स विभागाच्या प्रमुखांनी केलेली असल्यामुळे तिला हात लावायची कोणाची प्राज्ञा नव्हती. मी विषय काढला की त्यांचे उत्तर ठरलेले असे: “अहो, लॉग आहेत ना सगळे? मग हे एवढाले डंप कशाला सांभाळायचे?”

लॉग होते, भरपूर होते, आणि त्यांची शेवटची ओळ दर वेळी वेगळी असे. वरून आदेश आला की लॉग वाढवा. आम्ही वाढवले, आणि क्रॅश कमी झाले. याचा सभेत विजय म्हणून उल्लेख झाला. प्रत्यक्षात लॉगची प्रत्येक ओळ लिहिताना थ्रेड एका सामायिक लॉकवर थांबत होते, त्यामुळे त्यांच्या धावण्याची वेळ बदलली होती आणि दोष अधिक खोल दडला होता. दोष गेलेला नाही, आपण त्याला बाजूला सरकवले आहे, हे मी लेखी कळवले. त्यावर उत्तर आले नाही. पुढे महिनाअखेरीच्या गर्दीत सर्व्हर पुन्हा पडला, ग्राहकाकडून कडक शब्दांतले पत्र आले, आणि तेव्हा कुठे एका सर्व्हरवर कोअर चालू करण्याची परवानगी मिळाली.

कोअर मिळाल्यावर जीडीबी या डीबगरमध्ये पहिली गोष्ट दिसली ती अशी. मेलेला थ्रेड दरांच्या तक्त्यातल्या एका नोडमागून पुढच्या नोडकडे जात होता, आणि पुढच्या नोडचा म्हणून जो पॉइंटर (मेमरीतला पत्ता) रजिस्टरमध्ये होता तो पत्ता असूच शकत नव्हता. त्याचे आठही बाइट हेक्समध्ये 30 ते 33 यांच्या आतले होते, अपवाद फक्त 2डीचा, आणि तो ठरावीक अंतराने येत होता. ज्यांनी थोडी वर्षे हे काम केले आहे त्यांना हे पाहताच कळते: 30 ते 39 म्हणजे अंकांची अक्षरे आणि 2डी म्हणजे मधली आडवी रेघ. उलट क्रमाने वाचल्यावर ‘2012-03-’ निघाले. पॉइंटरच्या जागी तारीख बसली होती. (असा पत्ता 64 बिटांच्या इंटेल प्रोसेसरच्या नियमातच बसत नसल्याने कर्नल सिग्नलच्या तपशिलात दोषाचा पत्ता शून्य दाखवतो, आणि त्यावरून ‘नल पॉइंटर आहे’ असा निष्कर्ष काढून लोक चुकीच्या वाटेला लागतात. आमच्याकडेही एकाने तसे ठामपणे सांगितलेच.)

मग ‘थ्रेड अप्लाय ऑल बीटी’ ही प्रत्येक थ्रेड कुठे होता ते दाखवणारी आज्ञा देऊन बाकीच्या थ्रेडांकडे पाहिले. सगळे आपापल्या व्यवहारात होते. एक मात्र त्याच क्षणी दरांची नवी फाइल वाचत होता आणि तिच्यातली ‘या तारखेपासून लागू’ हा रकाना स्ट्रिंगमध्ये उतरवत होता. रात्री नवे दर आले की सर्व्हरला सिग्नल देऊन तक्ता बदलायला लावत, आणि तो बदलणारा कोड जुना तक्ता आधी मोकळा करून मग नवा भरत असे. मोकळी झालेली जागा मेमरी वाटून देणाऱ्या अ‍ॅलोकेटरने तारखेच्या स्ट्रिंगला दिली, आणि त्याच वेळी दुसरा थ्रेड तिथे अजून जुना नोड आहे असे समजून चालत होता. मेला तो निरपराध, आणि दर रात्री निरपराध वेगळा असल्यामुळेच लॉगची शेवटची ओळ दर वेळी वेगळी येत होती. दुरुस्ती लहान निघाली: नवा तक्ता बाजूला पूर्ण बांधायचा, मग शेअर्ड पॉइंटर बदलायचा, आणि जुना शेवटच्या वाचकाने सोडल्यावर आपोआप जाऊ द्यायचा.

या सगळ्यात मला सर्वांत मोलाची वाटली ती गोष्ट वेगळीच आहे. लॉग बफरमधून लिहिले जात होते. प्रोसेस सिग्नलने मेली की तिच्या आतल्या बफरमधला, डिस्कवर न गेलेला मजकूर तिच्याबरोबर जातो. म्हणजे ज्या लॉगच्या शेवटच्या ओळीवर आम्ही महिनोन्‌महिने चर्चा करत होतो ती शेवटची ओळ नव्हतीच. खऱ्या शेवटच्या ओळी कोअर फाइलमध्ये, त्या बफरच्या पत्त्यावर, जशाच्या तशा होत्या, आणि त्यांत ‘दरतक्ता बदलण्यास सुरुवात’ हेही होते. लॉग पुरेसे आहेत असे म्हणणाऱ्याला त्याचा हरवलेला लॉगसुद्धा कोअरमधूनच काढून द्यावा लागला. त्या महिन्याच्या अहवालात मात्र ‘वाढीव लॉगिंगमुळे दोष शोधता आला’ असे छापले गेले. तो अहवाल मी अजून जपून ठेवला आहे.

आमच्या प्रमुखांचे आक्षेप अगदीच पोकळ होते असे मी म्हणत नाही. प्रोसेस पुन्हा पुन्हा उठून पुन्हा पुन्हा मेली तर डंपांनी पार्टिशन भरते, हे खरे आहे. पण त्यावर उपाय सोय बंद करणे हा नसून कोअरसाठी वेगळे पार्टिशन देणे हा आहे, सिस्टमडीच्या कोअरडंप.कॉन्फमध्ये एकूण जागेची कमाल मर्यादाही घालता येते. आकार कमी करायचा असेल तर /प्रोक/<प्रोसेस क्रमांक>/कोअरडंप_फिल्टर पाहा. त्याचे मूळ मूल्य हेक्समध्ये 33 असते. ते 31 केले की निनावी सामायिक मेमरी वगळली जाते, आणि हे मूल्य फोर्क व एक्झेकनंतरही पुढे जात असल्याने सुरू करण्याच्या स्क्रिप्टमध्ये एकदा लिहिले की काम भागते. आमच्या डंपाचा मोठा भाग सामायिक मेमरीच होता. डंप लिहून होईपर्यंत प्रोसेस पुरती जात नाही, तिचे पोर्ट अडकून राहते आणि नवी प्रोसेस उठायला उशीर होतो, हा त्यांचा तिसरा आक्षेप मात्र मला मान्य आहे. जिथे काही सेकंदांचाही खंड चालत नाही तिथे मुळात एकाच प्रोसेसवर विसंबू नये, एवढेच माझे म्हणणे.

एक गोष्ट केली नाही तर वरचे सगळे फुकट आहे. प्रत्येक रिलीजची न छाटलेली, डीबग माहितीसह असलेली बायनरी जपून ठेवा. डीबग माहिती घालणाऱ्या कंपायलरच्या ‘-जी’ पर्यायाने मशीन कोड बदलत नाही, त्यामुळे तो देऊनच बांधा, ग्राहकाला स्ट्रिप केलेली, म्हणजे छाटलेली, प्रत द्या आणि माहिती आपल्याकडे ठेवा. बायनरीतला बिल्ड आयडी (त्या बांधणीची ओळखखूण) कोअरमधल्या आयडीशी जुळवून पाहा. तोच सोर्स पुन्हा कंपाइल करून मिळणारी ‘तशीच’ बायनरी चालत नाही.

आता काही सावधगिरी, जी खरे तर आधी सांगायला हवी होती. कोअरमध्ये पासवर्ड, एन्क्रिप्शनच्या किल्ल्या, ग्राहकांचे खाते क्रमांक, सगळे उघडे असते. 2023 च्या सप्टेंबरमध्ये मायक्रोसॉफ्टने जाहीर केले होते की स्टॉर्म-0558 या हल्लेखोर गटाच्या हाती लागलेली सही करण्याची किल्ली बहुधा 2021 मधल्या एका क्रॅश डंपमधून बाहेर गेली असावी. मार्च 2024 मध्ये त्यांनीच सुधारणा केली की ती किल्ली असलेला डंप त्यांना सापडलेला नाही. डंप सापडला नसला तरी ती शक्यता तिथल्या तज्ज्ञांना पटण्याजोगी वाटली, एवढे मला पुरेसे आहे. किल्ल्यांची मेमरी कर्नलला मेमरीविषयी सूचना देणाऱ्या एमअ‍ॅडव्हाइजच्या डोंटडंप पर्यायाने वगळा. तो लिनक्स 3.4 पासून आहे. कोअर कोणाला वाचता येतात ते तपासा, आणि डंप गोळा करणारे प्रोग्रॅम अद्ययावत ठेवा, कारण मे 2025 मध्ये अ‍ॅपोर्ट आणि सिस्टमडी-कोअरडंप या दोन्हींत क्वालिस या सुरक्षा कंपनीला त्रुटी सापडल्या होत्या.

तुमचा सर्व्हर कंटेनरमध्ये असेल तर आणखी एक घोळ आहे. कोअर_पॅटर्न प्रत्येक कंटेनरचा वेगळा नसतो, संपूर्ण कर्नलचा एकच असतो. साधा मार्ग लिहिला असेल तर फाइल कंटेनरच्या आत पडते आणि कंटेनर काढून नवा केला की त्याच्याबरोबर जाते. पाइप असेल तर तो प्रोग्रॅम होस्टवर, म्हणजे कंटेनरबाहेरच्या मूळ मशीनवर, चालतो. म्हणून होस्टवर शोधा.

आणि एक्झिट कोड पाहा. 139 म्हणजे 128 अधिक 11, तिथे कोअरची अपेक्षा ठेवा. 137 असेल तर प्रोसेस 9 क्रमांकाच्या सिग्नलने मेली आहे, बहुधा मेमरी संपल्यामुळे कर्नलने मारली आहे, आणि त्या सिग्नलला कोअर निघतच नाही, डीमेसग (कर्नलचे संदेश दाखवणारी आज्ञा) वाचा. कोअर चालू केल्यानंतर आमच्याकडे एका रात्री नेमके असेच झाले, आणि ‘बघा, चालू करूनही काही मिळाले नाही’ हे आमच्या प्रमुखांनी भर सभेत पुरावा म्हणून मांडले. 9 ला कोअर नसतो हे मी त्यांना परवानगी मागतानाच लिहून दिले होते.