टर्बो बसवला, आता पंप कोणता?

प्रश्न : भाऊ, वडिलांची जुनी टाटा १२१० ट्रक आहे, साध्या ६९७ इंजिनला टर्बो (इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा) बसवलाय. रावेरहून केळी भरून निघालो की कन्नड घाटात गाडी दम सोडते. मिस्त्री म्हणतो मोठा फीड पंप टाक. टाकू का?

उत्तर : दादा, लगेच नका टाकू. फीड पंप फक्त टाकीतून डिझेल ओढून मेन पंपाला देतो, नोझलचं (इंजिनात डिझेल फवारतं ते) प्रेशर मेन पंपच बनवतो. आधी डिझेल फिल्टर बदला, मग इंजिन बंद ठेवून ब्लीड स्क्रू (लाईनमधली हवा काढायचा) सैल करा आन फीड पंपावरचा हातपंप मारा, बुडबुडे येतच राहिले तर लाईन हवा घेतेय, जुन्या गाडीत बऱ्याचदा जोडावरचे तांब्याचे वायसरच (वॉशर) दबलेले असतात, ते बदलले की काम झालं.

तिथं सगळं ठीक असलं तर मेन पंप बघा. टर्बोनं हवा वाढली पण पंप जुन्याच सेटिंगवर असला तर ताकद कुठून येणार? पंप आणि नोझल दोन्ही पंपवाल्याकडं टेस्ट बेंचवर टर्बोच्या हिशोबानं कॅलिब्रेट करून (डिझेलचं माप जुळवून) घ्या, जमलं तर बूस्टप्रमाणे (टर्बोच्या हवेच्या दाबाप्रमाणे) डिझेल सोडणारा डायफ्रॅमवाला पंपच लावा. अंदाजानं स्क्रू फिरवू देऊ नका बरं, काळा धूर म्हणजे ताकद नाही, डिझेल वाया जातं आन लोडवर पिस्टन जळतो.