त्रेचाळीस हजार विमानं बनवणार कोण?

वाचकांचे प्रश्न

विमानप्रवासाच्या वीस-वीस वर्षांच्या अंदाजांवर बरीच पत्रं आली आहेत. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. नोकरीत असताना मी एका विमान कंपनीच्या फ्लीट प्लॅनिंग विभागात होते. कोणती विमानं घ्यायची, किती घ्यायची आणि जुनी कधी काढायची, याचे तक्ते मांडणं हे आमचं काम. म्हणजे हे अंदाज मी कायम गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसून वाचले आहेत. उत्तरांतला तिरकसपणा तिथून आला आहे.

प्रश्न : २०२५ ते २०४४ या काळात ४३,६०० नवी विमानं लागतील असं बोइंग म्हणते, एअरबस म्हणते ४३,४२०. इतकं लांबचं इतक्या नेमकेपणाने कसं सांगता येतं? की ही नुसती जाहिरात आहे?

उत्तर : जाहिरात आहेच. हे अहवाल दरवर्षी जून-जुलैच्या सुमारास येतात, पॅरिस किंवा फार्नबरोचा एअर शो तोंडावर असताना. विमान विकणाराच सांगतो की विमानं खूप लागणार आहेत. पण म्हणून आकडेमोड खोटी ठरत नाही. त्या विभागांत चांगले अर्थशास्त्रज्ञ बसलेले असतात आणि त्यांची पद्धत उघड आहे.

सुरुवात देशोदेशींच्या उत्पन्नापासून होते. लोकांच्या हाती पैसा आला की विमानप्रवास उत्पन्नापेक्षा जास्त वेगाने वाढतो. देश श्रीमंत झाला की हा वेग मंदावतो, कारण ज्यांना उडायचं ते आधीच उडत असतात. यावरून प्रवासी-किलोमीटर (एक प्रवासी एक किलोमीटर उडाला की एक) किती वाढतील ते काढतात. बोइंगचा या अहवालातला दर वर्षाला ४.२ टक्के आहे, एअरबसचा ३.६ टक्के. फरक किरकोळ वाटतो, पण चक्रवाढीने वीस वर्षांत पहिल्याचे २.२८ पट होतात आणि दुसऱ्याचे २.०३ पट. आता गंमत पाहा. वाहतुकीबद्दल इतका मतभेद, आणि विमानांची संख्या मात्र जवळजवळ एकच! म्हणजे वाहतुकीच्या आकड्यापासून विमानांच्या आकड्यापर्यंत येताना मध्ये बरीच गृहीतकं बसलेली आहेत, आणि ती दोघांची वेगळी आहेत.

बोइंगचाच हिशेब उलगडून बघू. २०२४ च्या अखेरीस जगात साधारण २७ हजार विमानं होती, २०४४ मध्ये ती ४९,६०० च्या आसपास असतील असं ते धरतात. वाढ झाली साडेबावीस हजारांची. मग नवी ४३,६०० कशाला? उरलेली एकवीस हजार जुन्या विमानांच्या जागी येणार. म्हणजे जवळपास निम्मी मागणी नव्या प्रवाशांची नाहीच, ती म्हाताऱ्या विमानांची आहे. बातम्यांत हे क्वचित येतं.

आणखी एक. वाहतूक २.२८ पट होणार, ताफा मात्र १.८३ पटच. मधली तफावत भरायला प्रत्येक विमानाला आजच्यापेक्षा सुमारे २५ टक्के जास्त काम करावं लागेल. पूर्वी ही सोय रिकाम्या सीट भरून होत असे. २०२४ मध्ये जगाचा सरासरी लोड फॅक्टर, म्हणजे भरलेल्या सीटचं प्रमाण, ८३.५ टक्के होता, तोवरचा उच्चांक. तिथे आता फारसा वाव नाही. मग विमानात सीट वाढवा, लांबच्या फेऱ्या करा, जमिनीवर उभं राहण्याचा वेळ कमी करा. असा अहवाल हातात आला की मी आधी गृहीतकांची पानं उघडत असे. विकायला आलेल्या माणसाला ते आवडत नसे.

प्रश्न : पूर्वीचे अंदाज खरे ठरले का?

उत्तर : एकूण वाहतुकीचे बऱ्यापैकी खरे ठरले. चुकला तो तपशील, आणि पैसे तपशिलातच बुडतात.

२००० साली बोइंग आणि एअरबस दोघांचाही सूर दरसाल पाच टक्क्यांच्या आसपास वाढ असा होता. त्यानंतर २००१ चा सप्टेंबर आला, २००३ ची सार्सची साथ आली, २००८ चं आर्थिक संकट आलं. एवढं होऊनही २००० ते २०१९ या काळात जगातले प्रवासी-किलोमीटर सुमारे तीन लाख कोटींवरून ८.७ लाख कोटींच्या घरात गेले, म्हणजे पावणेतीन पटीहून थोडे जास्तच. पाच टक्क्यांनी अडीच पटच झाले असते. विकणाऱ्यांचा अंदाजही कमी पडला म्हणायचा.

पण त्याच वेळी दोघांचं भांडण जुंपलं होतं ते अवाढव्य विमानांवरून. एअरबसचं म्हणणं असं, की मोठ्या विमानतळांवर स्लॉट, म्हणजे उतरण्या-उडण्याच्या नेमून दिलेल्या वेळा, संपत आलेत, तेव्हा एका फेरीत जास्त माणसं न्यावीच लागतील. अशी हजाराहून अधिक विमानं लागतील असा तिचा हिशेब होता, आणि डिसेंबर २००० मध्ये तिने ए३८० चा प्रकल्प सुरू केला. बोइंगच्या मते गरज काही शे विमानांचीच होती. लोकांना मधल्या मोठ्या विमानतळावर उतरून दुसरं विमान पकडायचं नसतं, थेट जायचं असतं, असा तिचा तर्क. ए३८० प्रत्यक्षात किती गेली? २५१. शेवटचं डिसेंबर २०२१ मध्ये एमिरेट्सला दिलं.

यावरून बोइंगला शहाणं ठरवायची घाई नको. तिनेही ७४७-८ काढलंच, आणि त्याची जेमतेम १५५ विमानं बनली, त्यातली बहुतेक मालवाहू. दोघांच्याही हिशेबाला धक्का दिला तो दोन इंजिनांच्या विमानांनी. ७८७ सारखं मध्यम आकाराचं विमान समुद्र ओलांडून थेट जाऊ लागल्यावर चार इंजिनांचं इंधन कोण भरणार? आता तर नॅरोबॉडी, म्हणजे मधे एकच वाट असलेलं लहान विमानही, त्या कामाला लागलं आहे. एअरबसचं ए३२१एक्सएलआर २०२४ च्या नोव्हेंबरपासून सेवेत आहे आणि त्याचा पल्ला ८,७०० किलोमीटर आहे. पंचवीस वर्षांपूर्वीच्या अहवालात अशा विमानासाठी रकानाच नव्हता.

त्याआधीची गोष्ट तर याहून मजेदार आहे. १९६० च्या दशकात सगळ्यांची खात्री होती की पुढचा जमाना आवाजाहून वेगवान विमानांचा. बोइंगने ७४७ आखताना असंच धरलं होतं की काही वर्षांत प्रवासी सुपरसॉनिककडे जातील आणि हे विमान मालवाहतुकीला लागेल. नाक उघडून माल भरता यावा म्हणून कॉकपिट वर चढवलं. ७४७ चं ते ओळखीचं कुबड म्हणजे एका चुकलेल्या अंदाजाची खूण आहे. पुढे कॉन्कॉर्ड ही सुपरसॉनिक विमानं फक्त २० बनली, त्यांतली १४ विमान कंपन्यांकडे गेली. ७४७ मात्र १,५७४ बनली आणि प्रवासी नेत राहिली.

विमानाची ऑर्डर रद्द तरी करता येते. विमानतळाचं तसं नाही. कॅनडातल्या माँट्रियलजवळचा मिराबेल विमानतळ १९७५ मध्ये उघडला. त्यासाठी हजारो लोकांना जमिनी सोडाव्या लागल्या. कोट्यवधी प्रवासी येतील असा अंदाज होता. पण विमानांचा पल्ला वाढला आणि युरोपातून येणाऱ्यांना माँट्रियलला थांबायची गरज उरली नाही. शहराजवळचा जुना विमानतळ चालूच राहिला, ठरलेली वेगवान रेल्वे झालीच नाही. २००४ मध्ये प्रवासी सेवा बंद पडली, २०१४ पासून टर्मिनल पाडायला घेतलं. हवाई प्रवास वाढेल हे त्या नियोजनकारांनी बरोबर ओळखलं होतं. तो कुठून जाईल, ते नाही.

प्रश्न : कोविडने हे सगळे हिशेब मोडीत काढले नाहीत का?

उत्तर : काही काळ काढले. २०२० मध्ये जगाची वाहतूक आदल्या वर्षाच्या तुलनेत ६६ टक्क्यांनी घसरली. इतकी पडझड त्याआधी कधीच झाली नव्हती. २०२४ मध्ये ती २०१९ च्या पातळीपेक्षा ३.८ टक्के वर गेली आणि सगळीकडे ‘पूर्ण सावरलो’ असे मथळे आले. पण साथ आली नसती आणि बोइंगच्या २०१९ च्या अहवालातला ४.६ टक्क्यांचा दर टिकला असता, तर २०२४ ची वाहतूक २०१९ पेक्षा २५ टक्के जास्त असती. म्हणजे २०२४ मध्ये आपण त्या जुन्या रेषेच्या सुमारे १७ टक्के खाली होतो. ही तूट भरून निघालेली नाही, तिच्यावरून पुढची रेघ मारली आहे, इतकंच.

तरीही बोइंगचा वीस वर्षांचा विमानांचा आकडा २०१९ मध्ये ४४,०४०, २०२० मध्ये ४३,११० आणि २०२५ मध्ये ४३,६००. निम्मं जग घरात बसलेलं असतानाही हजारभरच कमी! यातून काय घ्यायचं ते तुम्हीच ठरवा. मला तरी यात अर्थशास्त्राइतकाच विक्री विभागही दिसतो.

प्रश्न : इतकी मागणी आहे तर विमान कंपन्या विमानं मिळत नाहीत म्हणून ओरड का करतात?

उत्तर : कारण मागणीच्या अंदाजात पुरवठा नसतो. साधा भागाकार करा. ४३,६०० ला २० ने भागलं तर वर्षाला २,१८० विमानं. बोइंग आणि एअरबसचं मिळून २०१८ हे भरभराटीचं वर्ष. तेव्हा बोइंगने ८०६ आणि एअरबसने ८०० विमानं दिली, एकूण १,६०६. २०२४ मध्ये एअरबसने ७६६ दिली आणि बोइंगने फक्त ३४८, मिळून १,११४. ब्राझीलची एम्ब्राएर आणि चीनची कोमॅक धरली तरी वर्षाला शंभर-सव्वाशेचीच भर पडते. म्हणजे लागणार आहेत त्याच्या निम्म्याहून थोडीच जास्त विमानं त्या वर्षी मिळाली.

कारणं सगळ्यांना माहीत आहेत. बोइंगचं ७३७ मॅक्स २०१९ मध्ये जमिनीवर बसवलं गेलं, जानेवारी २०२४ मध्ये उडत्या मॅक्सच्या दाराच्या जागचा तुकडा निखळला आणि अमेरिकी नियामकांनी उत्पादनवाढ रोखली. प्रॅट अँड व्हिटनीच्या इंजिनांत धातूच्या भुकटीचा दोष निघाला, शेकडो विमानं तपासणीसाठी उभी राहिली. साथीच्या काळात सुट्या भागांच्या कारखान्यांतून गेलेले अनुभवी कामगार परत आले नाहीत. या उद्योगात नवा माणूस तयार व्हायला वर्षं लागतात.

दरम्यान ऑर्डरचा ढीग २०२४ अखेरीस १७ हजारांवर गेला. मग नियोजन करणारा काय करतो? जुनं विमान ठेवतो, लीज वाढवून घेतो, वरचं भाडं निमूट भरतो. आणि जुनी विमानं निघत नाहीत म्हटल्यावर त्या एकवीस हजारांच्या ‘बदली’च्या मागणीचं वेळापत्रकही पुढे सरकतं. ज्या गृहीतकावर निम्मा अंदाज उभा आहे तेच हे.

प्रश्न : मग तिकिटं स्वस्त होतील का?

उत्तर : विमानं कमी आणि प्रवासी जास्त असताना? नाही.

प्रश्न : हवामान बदलाचा विचार या अंदाजांत असतो का?

उत्तर : प्रस्तावनेत असतो, वाढीच्या दरात फारसा दिसत नाही. २०२२ मध्ये आयकाओ या संयुक्त राष्ट्रांच्या हवाई वाहतूक संघटनेच्या सदस्य देशांनी २०५० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचं उद्दिष्ट मान्य केलं. त्याचा मोठा भार शाश्वत इंधनावर (खनिज तेलाऐवजी वापरलेलं खाद्यतेल, कचरा वगैरेंपासून बनवलेल्या) आहे, आणि २०२४ मध्ये एकूण विमान इंधनात त्याचा वाटा होता जेमतेम ०.३ टक्के. हे इंधन साध्या इंधनाच्या कित्येक पट महाग पडतं. विमान कंपनीच्या खर्चात इंधन साधारण पाव ते एक तृतीयांश असतं. ते महागलं की तिकीट महागतं, आणि तिकीट महागलं की कमी उत्पन्नाचा प्रवासी आधी गळतो. वीस वर्षांची बरीचशी वाढ नेमकी त्याच्याच भरवशावर दाखवलेली असते. मला हा या अंदाजांतला सगळ्यांत कच्चा दुवा वाटतो, २०२० सारख्या धक्क्यांपेक्षाही. धक्का येतो आणि ओसरतो, महाग इंधन मुक्कामाला येतं.

प्रश्न : ताई, मी बारावीत आहे. पुढच्या वीस वर्षांत ६ लाख ६० हजार पायलट लागतील असं वाचलं. मग पायलट होणं सुरक्षित करिअर आहे ना?

उत्तर : तो आकडाही बोइंगचाच. त्यातच ७ लाख १० हजार तंत्रज्ञ आणि १० लाख केबिन क्रू लागतील असंही म्हटलं आहे, तेही वाचलंस का?

वीस वर्षांची बेरीज बरोबर निघेलही. तुझा प्रश्न मात्र तू लायसन्स घेऊन बाहेर पडशील त्या वर्षाचा आहे. २००९ मध्ये आणि २०२० मध्ये प्रशिक्षण संपवून आलेल्या मुलांसमोर भरतीच बंद होती, आणि त्या काळातल्या अहवालांत पायलट लाखांनीच लागणार होते. भरती लाटांनी होते. आंतरराष्ट्रीय उड्डाणांवर निवृत्तीचं वय ६५ आहे, म्हणून जागा रिकाम्या होत राहतील हे खरं. पण मंदी आली की पहिली कात्री नव्या भरतीला लागते.

देखभालीच्या तंत्रज्ञाचं गणित थोडं वेगळं आहे. नवी विमानं उशिरा आली तर जुनी जास्त काळ उडतात, आणि जुन्या विमानाला हात जास्त लागतात. विमान उभं करून ठेवलं तरी त्याची निगा राखावीच लागते. पगार पायलटएवढा नाही, पण चढउतार कमी.

आणि पायलटच व्हायचं ठरलं असेल, तर प्रशिक्षणासाठी कर्ज घेण्याआधी बँकेला एकच विचार : नोकरी दोन वर्षं उशिरा लागली तर हप्ते कधीपासून सुरू होतील?