एका द्राक्ष बागाईतदारानं पत्रात विचारलंय: कॉर्डलेस ड्रिल, छाटणीची कात्री आणि हेडटॉर्च यांच्या लिथियम बॅटऱ्या रात्रभर चार्जिंगला लावून ठेवल्या तर चालतं का?

आधी सरळ उत्तर. चार्जर त्याच बॅटरीसोबत आलेला आणि शाबूत असेल, तर पॅक भरला की तो करंट तोडतो. रात्रभर लावून ठेवलं म्हणून बॅटरी ओव्हरचार्ज होत नाही. पण तुमचे पॅक सहा महिन्यांत बसले त्याचं कारण रात्रीचं चार्जिंग नसावं. तुम्हीच लिहिलंय की बॅटऱ्या बागेतल्या पत्र्याच्या शेडमध्ये असतात, द्राक्षाची एप्रिल छाटणी याच कात्रीवर काढली, आणि छाटणी संपल्यावर पॅक फुल्ल भरून तिथेच ठेवून दिले. घोळ तिथे आहे.

माझं नाशिकच्या सातपूरला पॉवर टूल दुरुस्तीचं दुकान आहे. एमआयडीसीतले फिटर, फर्निचरवाले आणि निफाड-दिंडोरी-पिंपळगावकडचे बागाईतदार असं मिश्र गिऱ्हाईक येतं. कारखान्यातल्या ड्रिलचा पॅक रोज चार्ज होऊनही वर्षानुवर्षं चालतो, आणि बागेतली कात्री वर्षातून दोनदाच बाहेर निघूनही आधी मरते. ती वापरून मरत नाही, ठेवून मरते.

दुकानदारानं तुम्हाला ‘पहिल्यांदा आठ तास चार्ज करा, मग पूर्ण उतरू द्या’ असं सांगितलं. तो खोटं बोलत नाही, फक्त त्याचं ज्ञान जुन्या बॅटरीचं आहे. निकेल-कॅडमियमच्या काळात हे खरं होतं. ती बॅटरी पुन्हा पुन्हा अर्धवट उतरवून भरली की तिची ताकद कमी झाल्यासारखी वाटायची, म्हणून अधूनमधून पूर्ण उतरवावी लागे. हत्यारांमध्ये लिथियम-आयन आलं ते २००३ ते २००५ च्या सुमारास. बॉशचा छोटा इक्सो स्क्रूड्रायव्हर २००३ चा. तेव्हापासून हा सल्ला कालबाह्य झालाय, पण काउंटरवर अजून चालतो. लिथियमला अर्धवट चार्जिंगचा काही त्रास नाही. दोनदा अर्धी भरली तर मिळून एकच चार्ज मोजला जातो. चांगल्या सेलचे (पॅकच्या आत असतात त्या छोट्या बॅटऱ्या) असे तीनशे ते पाचशे पूर्ण चार्ज झाले की क्षमता साधारण ऐंशी टक्क्यांवर येते. उलट तळापर्यंत पिळून काढणं तिला मानवत नाही. कात्रीचा जोर कमी झाला, ड्रिल अडखळायला लागलं, की थांबा. ‘अजून दोन वेली होतील’ करत ट्रिगर पुन्हा पुन्हा दाबू नका.

आता उन्हाबद्दल. एप्रिलमध्ये आपल्याकडे पारा चाळिशीला टेकतो, आणि पत्र्याखाली त्याहून वर. लिथियम-आयन सेल चार्ज करायची मर्यादा साधारण शून्य ते ४५ अंश सेल्सियस असते. दिवसभर कात्री चालवून पॅक आधीच तापलेला, शेड तापलेलं, आणि दुपारच्या सुट्टीत घाईनं तो चार्जरवर. चांगला चार्जर अशा वेळी लाल-हिरवा लुकलुकत राहतो आणि भरायला नकार देतो. तो बिघडलेला नसतो, पॅक निवायची वाट बघत असतो. स्वस्तातल्या चार्जरला तापमान कळतच नाही, तो तसाच करंट ढकलतो. गरम सेलमध्ये आतलं द्रव ऋण टोकाच्या ग्राफाइटवर चिकटून थर जाड करत जातं आणि प्रत्येक वेळी थोडी क्षमता कायमची जाते. तेव्हा पॅक काढा, झाडाखाली अर्धा तास ठेवा, हाताला कोमट लागला की मग लावा. घाई असेल तर पंख्यासमोर धरा. फ्रीजमध्ये किंवा ओल्या फडक्यात मात्र नको, आत दव धरतं आणि सर्किट जातं. दोन पॅक असतील तर हा प्रश्नच उरत नाही, म्हणून कात्री घेताना तिसऱ्या ब्लेडपेक्षा दुसऱ्या पॅकवर पैसे घाला असं मी सांगतो.

थंडीचं उलटं टोकही आपल्याकडे आहे. निफाडला काही वर्षी पारा दोन-तीन अंशांवर उतरतो. शून्याच्या आसपास भरताना लिथियम ग्राफाइटच्या आत शिरण्याऐवजी वरच धातू होऊन जमतं, आणि ते परत निघत नाही. डिसेंबर-जानेवारीत रात्रभर शेडमध्ये पडलेला पॅक पहाटे लगेच लावू नका, घरात आणून तासभर ठेवा. वापरायला मात्र थंडीची हरकत नाही, जरा कमी चालेल इतकंच.

ठेवण्याचं सांगतो, कारण तुमचं खरं नुकसान इथे झालंय. एप्रिल छाटणीनंतर कात्रीचं काम ऑक्टोबरपर्यंत नसतं, आणि या मधल्या काळात पॅक फुल्ल ठेवणं म्हणजेच त्याची काळजी घेणं असं लोकांना वाटतं. १८ व्होल्टच्या पॅकमध्ये पाच सेल असतात. भरल्यावर प्रत्येक ४.२ व्होल्टवर जातो, म्हणजे पॅक २१ व्होल्टला. तेवढ्या दाबाखाली महिनोन्महिने बसणं सेलला जड जातं, आणि उष्णता ते दुप्पट करते. साधारण ठोकताळा असा: अर्धवट भरलेली बॅटरी २५ अंशांत वर्षभर ठेवली तर क्षमतेत जेमतेम चार-पाच टक्के घट, पण पूर्ण भरून ४० अंशांत ठेवली तर तिसरा हिस्सा गायब. म्हणून पॅकवरच्या चारपैकी दोन दिवे पेटतील इतकी ठेवा, पॅक हत्यारातून काढून ठेवा, आणि घरात सगळ्यात थंड कोपरा असेल तिथे, दर दोन-तीन महिन्यांनी एकदा दिवे बघून. एकच दिवा राहिला तर पुन्हा दोनावर आणा. कामाच्या आदल्या संध्याकाळी पूर्ण भरली की झालं.

शेडमध्ये न ठेवण्याचं आणखी एक कारण. गंधकाची पोती आणि चार्जर एकाच भिंतीला असतील तर आजच वेगळे करा, गंधक पेट घेतं. मोरचूदही तिथेच असतो आणि हातालाही लागलेला असतो. तो ओला होऊन पॅकच्या पितळी पट्ट्यांवर बसला की पट्ट्या हिरव्या पडतात, संपर्क नीट होत नाही, आणि लोक बॅटरी गेली म्हणून घेऊन येतात. कोरडं फडकं आणि थोडं आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल), काम झालं. त्याचे मी पैसेही घेत नाही.

आता फवारणी पंपाबद्दल, कारण तुम्ही शेवटी ‘पंपाचा चार्जर टॉर्चला आणि कात्रीला चालेल का’ असं विचारलंय, आणि या प्रश्नानं माझ्या अंगावर काटा आला. पाठीवरच्या पंपात बऱ्याचदा १२ व्होल्ट ८ अँपिअर-तासाची लेड-ॲसिड बॅटरी असते. तिचा स्वभाव लिथियमच्या बरोबर उलट: ती कायम भरलेलीच हवी, उतरलेली पडून राहिली की आत सल्फेट बसतं आणि ती संपते. म्हणजे एकाच घरात दोन बॅटऱ्या, एक भरून ठेवायची, एक अर्धी. हा गोंधळ होतो यात शेतकऱ्याचा दोष नाही, पिनही तीच आणि वर ‘१२ व्होल्ट’ असंच छापलेलं. पण हिशेब बघा. लेड-ॲसिडचा चार्जर १४.४ व्होल्टपर्यंत जातो. तीन लिथियम-आयन सेलचा ‘१२ व्होल्ट’ पॅक १२.६ लाच भरतो. तो चार्जर या पॅकला लावला तर प्रत्येक सेलवर ४.८ व्होल्ट. पॅकच्या आतलं संरक्षण बोर्ड चांगलं असेल तर करंट तोडेल, नसेल तर पॅक फुगेल किंवा पेटेल. तिसरा प्रकार लिथियम आयर्न फॉस्फेटचा, काही नव्या पंपांत आणि सोलर दिव्यांत येतो. तो चार सेलचा, भरल्यावर १४.६ व्होल्ट. त्याचा चार्जरही तीन सेलच्या पॅकला घातक. त्यामुळे पिन बसली म्हणून चार्जर जुळला असं समजू नका. चार्जरच्या मागं ‘आउटपुट’ किती व्होल्ट लिहिलंय ते आणि पॅकवरचं, दोन्ही वाचा. मी तर दुकानात मार्करनं चार्जरवर मोठ्या अक्षरांत ‘पंप’, ‘कात्री’ असं लिहून देतो.

हेडटॉर्चकडे लोक फार दुर्लक्ष करतात. शेतीची लाईट रात्रीची असेल, मोटर चालू करायला जायचं असेल आणि शिवारात बिबट्या फिरत असेल, तर टॉर्च मध्येच बंद पडणं हा चेष्टेचा विषय नाही. आत बहुतेक एकच १८६५० सेल असतो, १८ मिलिमीटर जाड आणि ६५ लांब. त्यावर ९९०० एमएएच (मिलिअँपिअर-तास, म्हणजे क्षमता) लिहिलेलं दिसलं तर ते खोटं आहे. त्या आकारात खऱ्या सेलची क्षमता साडेतीन हजारांच्या आसपास संपते. खरा सेल पंचेचाळीस-पन्नास ग्रॅमचा असतो. किराणा काट्यावर तीसच भरला तर आत काय आहे ते ओळखा. दुसरं, बटण इलेक्ट्रॉनिक असलेला टॉर्च बंद असतानाही किंचित करंट खातो. हंगाम नसताना मागचं झाकण पाव फेरा सैल करून ठेवा. आणि चार्जिंग गादीवर किंवा उशीपाशी नको. रात्रभर लावल्यानं बॅटरी ओव्हरचार्ज होत नसली तरी आगीच्या दृष्टीनं चांगलं म्हणजे फरशीवर, उघड्यावर, कोणी जागं असताना.

ड्रिलबद्दल एक छोटं. ग्राइंडरही त्याच पॅकवर चालवत असाल तर २ अँपिअर-तासाचा पॅक लावू नका. त्यात पाचच सेल असतात, सगळा भार त्यांच्यावर. ४ किंवा ५ च्या पॅकमध्ये बहुधा दहा असतात, भार अर्धा होतो, तापणंही कमी.

आता तुमचा तो पॅक, जो चार्जरवर ठेवला की लाल मारतो आणि भरत नाही. मित्र म्हणतो दुसऱ्या बॅटरीची वायर लावून झटका दे, चालू होईल. होईलही. व्हिडिओत होतं तसं होईल. पण एखादा सेल दोन व्होल्टच्या खाली जाऊन महिनोन्महिने तसाच राहिला असेल तर आत तांबं विरघळलेलं असतं, आणि भरताना तेच सुईसारखं वाढून आतूनच शॉर्ट करू शकतं. चार्जर नाही म्हणतोय तो याचसाठी. आधी पट्ट्या पुसून, पॅक थंड करून एकदा लावून बघा. तरी लाल असेल तर दुरुस्तीवाल्याकडून पाचही सेलचं व्होल्टेज वेगवेगळं मोजून घ्या. चार ३.५ ला आणि एक १.२ ला असेल तर तो पॅक संपला. एकच सेल बदलून देणारे आहेत, मी देत नाही. जुन्या चौघांत एक नवा जुळत नाही. पाचही एकसारखे, स्पॉट वेल्डिंगनं लावून देणारा असेल तर विचार करा. थेट सोल्डरिंग करणाऱ्याला हात लावू देऊ नका, त्या उष्णतेनं सेल तिथेच अर्धा जातो.

मेलेला पॅक घंटागाडीत टाकू नका. कचरा दाबला जाताना सेल चिरडतो आणि गाडीत आग लागते. टोकांना इन्सुलेशन टेप लावा आणि ई-कचरा घेणाऱ्याकडे किंवा विकणाऱ्या दुकानात द्या. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करायची जबाबदारी उत्पादकावर आहे, त्यामुळे दुकानदार नको म्हणाला तर कंपनीचं नाव घेऊन विचारा. पॅक फुगला असेल, गोडसर उग्र वास येत असेल किंवा फुसफुसत असेल, तर टेपच्या भानगडीतही पडू नका. हात लावण्याजोगा असेल तर बाहेर मोकळ्या जमिनीवर नेऊन ठेवा, पेटलाच तर लांबून भरपूर पाणी मारत राहा आणि अग्निशमन दलाला १०१ वर कळवा.